पैसे खेळाडूचे, ताबा कंपनीचा

व्हिडिओ गेमवर होणारा खर्च बाहेरून एकच दिसत असला, तरी त्यात तीन निरनिराळे व्यवहार मिसळलेले असतात. पहिला व्यवहार यंत्राचा, म्हणजे मोबाइल, संगणक किंवा केवळ गेम खेळण्यासाठी बनवलेला कन्सोल यांचा. दुसरा प्रत्यक्ष गेमचा, म्हणजे त्या यंत्रावर चालणाऱ्या आज्ञावलीचा. आणि तिसरा गेम सुरू असताना त्याच्या आतच होणाऱ्या लहान लहान खरेदीचा, जिला मायक्रोट्रान्झॅक्शन म्हणतात. गेल्या चाळीस वर्षांत या तिन्ही व्यवहारांचे स्वरूप असे बदलत गेले की पैसे देणारा तोच राहिला, पण पैसे दिल्यानंतर वस्तूवर चालणारी सत्ता टप्प्याटप्प्याने त्याच्या हातून सुटून विकणाऱ्याकडे परत गेली. हा प्रश्न अमेरिका-जपानमधील सधन खेळाडूंचा आहे असे मराठवाड्यातील वाचकाला वाटण्याची शक्यता आहे. वस्तुतः त्याचा सर्वांत मोठा भारतीय दाखला ३० ऑक्टोबर २०२० रोजी घडला आणि त्याची झळ ज्यांना लागली त्यांतील बहुतेकांनी कन्सोल कधी हाताळलेलाही नव्हता.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली ११८ अ‍ॅपवर बंदी घातली आणि त्या यादीत पबजी मोबाइल हा गेम होता. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच उतरवलेला होता त्यांना सुरुवातीचे काही आठवडे तो खेळता येत राहिला, परंतु ३० ऑक्टोबरला भारतातील खेळाडूंसाठीची सेवाच बंद करण्यात आली आणि त्या क्षणापासून फोनमध्ये पडून असलेला गेम निरुपयोगी ठरला. याचे कारण अशा गेमच्या रचनेत आहे. गेममधील चित्रे, आवाज आणि नकाशे फोनमध्ये साठवलेले असले, तरी कोणत्या खेळाडूच्या आयडीवर काय जमा आहे याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या मालकीच्या अहोरात्र चालणाऱ्या संगणकांवर असते, आणि शंभर खेळाडूंना एका सामन्यात एकत्र आणण्याचे कामही तेच संगणक करतात. खेळाडूने पैसे मोजून घेतलेले यूसी, म्हणजे त्या गेममधील आभासी चलन, रॉयल पास नावाची हंगामी वर्गणी, बंदुकीची किंवा पोशाखाची रंगसजावट ज्याला खेळाडू स्किन म्हणतात, हे सारे प्रत्यक्षात त्या सर्व्हरवरील नोंदीच होत्या. मूळ दक्षिण कोरियन कंपनी क्राफ्टनने २ जुलै २०२१ रोजी भारतासाठी बीजीएमआय हा नवा गेम आणला, तेव्हा जुन्या आयडीवरील वस्तू नव्या गेममध्ये वळवून घेण्याची सोय तिने मुदतीपुरती दिली. परंतु ती सोय देणे कंपनीच्या मर्जीवर होते, खेळाडूचा तो हक्क नव्हता. पुढे २८ जुलै २०२२ रोजी हाही गेम अ‍ॅप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये वेळेच्या व खर्चाच्या मर्यादांसह परत आला. फ्री फायर या गेमवर १४ फेब्रुवारी २०२२ रोजी बंदी आली, तेव्हा त्याचे खेळाडू तुलनेने बचावले, कारण त्याच कंपनीचा फ्री फायर मॅक्स चालू राहिला आणि दोन्हींची आयडी एकच होती. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने सरकारने घेतलेला निर्णय योग्य की अयोग्य हा निराळा विषय आहे. ग्राहक म्हणून पाहता महत्त्वाची गोष्ट एवढीच की सर्व्हर थांबला तेव्हा पैसे दिलेल्याला काय परत मिळावे, याचे उत्तर कोणत्याही पावतीवर लिहिलेले नव्हते.

मराठवाड्यात व्हिडिओ गेम म्हणजे मोबाइलवरचा गेम हे समीकरण का झाले, याची कारणे सरळ आहेत. सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. त्याआधीच्या खरीप हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता, म्हणजे नांदेड जिल्ह्यातील शेतकऱ्याला हमीभाव पूर्ण मिळाला असे धरले तरी एका कन्सोलसाठी जवळजवळ तेरा क्विंटल सोयाबीन विकावे लागले असते, आणि सोनीच्या नव्या गेमची किंमत ४,९९९ रुपये असल्याने प्रत्येक नव्या गेमसाठी आणखी सव्वा क्विंटलहून अधिक. याउलट सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले, त्याच वर्षी यूपीआय आले, आणि २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. घरात आधीच असलेल्या फोनवर फुकट उतरवता येणारा गेम आणि दहा-वीस रुपयेही क्षणात पाठवता येणारी यंत्रणा या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे, सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावर मुदखेड आणि धर्माबादच्या दरम्यान वसलेल्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावात राहणारा मुलगा आणि सोल शहरातील मुलगा एकाच बाजारपेठेचे ग्राहक झाले. क्रेडिट कार्डाअभावी जी पिढी या बाजाराबाहेर राहिली असती, ती यूपीआयमुळे त्यात आली.

मायक्रोट्रान्झॅक्शन ही कल्पना फोनवर जन्मलेली नाही. या शतकाच्या प्रारंभी दक्षिण कोरियातील ऑनलाइन गेमनी प्रवेश फुकट ठेवून आतील वस्तू विकण्याचा मार्ग रूढ केला. पाश्चात्त्य देशांत त्याची चर्चा खऱ्या अर्थाने एप्रिल २००६ मध्ये सुरू झाली, जेव्हा बेथेस्डा या कंपनीने ऑब्लिव्हियन या पूर्ण किमतीला विकलेल्या गेममध्ये घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला वेगळे विकायला काढले. चिलखताने खेळात काही विशेष फरक पडत नव्हता, खेळाडूंनी त्या प्रकाराची भरपूर निंदा केली, तरी ते विकले गेले, आणि एकदा तयार केलेली आभासी वस्तू कितीही वेळा जवळजवळ शून्य खर्चात विकता येते हे सर्वांच्या लक्षात आले. शॅम्पूच्या पुडीने जसा बाटली न परवडणारा ग्राहक मिळवून दिला, तसा या लहान व्यवहारांनी पूर्ण गेम विकत घेऊ न शकणारा खेळाडू मिळवून दिला. फरक असा की पुडी विकत घेणाऱ्याला तिच्यात किती शॅम्पू आहे हे ठाऊक असते.

या पद्धतीला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. फुकट गेम खेळणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक कधीच पैसे देत नाहीत. थोडे लोक थोडे देतात, आणि अगदी मोजके लोक, ज्यांना या धंद्यात ‘व्हेल’ म्हणतात, उत्पन्नाचा मोठा भाग पुरवतात. त्या मोजक्यांच्या पैशावर बाकीच्यांना चांगल्या प्रतीचा गेम विनामूल्य मिळतो आणि सर्व्हरचा अखंड खर्चही भागतो. विकली जाणारी वस्तू निव्वळ शोभेची असेल, तिची किंमत रुपयांत स्पष्ट लिहिलेली असेल आणि घेणारा सज्ञान असेल, तर त्या व्यवहारात गैर काही नाही. पैसे देणाऱ्याला सामन्यात अधिक ताकद मिळत असेल तर मात्र खेळाचा पायाच डळमळतो, कारण मग कौशल्याची नव्हे, खिशाची स्पर्धा होते. खेळाडू अशा गेमला तिरस्काराने ‘पे टू विन’ म्हणतात आणि तो तिरस्कार रास्त आहे.

खरा आक्षेप दोन युक्त्यांवर आहे. पहिली युक्ती आभासी चलनाची. वस्तूची किंमत रुपयांत न सांगता नाण्यांत सांगितली जाते आणि नाणी ठरावीक गठ्ठ्यांतच मिळतात. समजा वस्तू ७० नाण्यांची आहे आणि गठ्ठे ६० व ३०० चे आहेत, तर घेणाऱ्याला एकतर दोन लहान गठ्ठे घ्यावे लागतात किंवा एक मोठा, आणि दोन्ही वेळा काही नाणी शिल्लक राहतात, जी वाया जाऊ नयेत म्हणून पुढची खरेदी होते. शिवाय टॉप-अप करताना गेलेले पैसे आणि वस्तू घेताना गेलेली नाणी यांच्यात अंतर पडल्यामुळे खर्चाची जाणीव बोथट होते. दुसरी युक्ती क्रेटची. क्रेट म्हणजे बंद पेटी. ती उघडण्यासाठी चलन द्यावे लागते आणि आत काय निघेल हे नशिबावर असते. उघडताना पेटी हलते, प्रकाश फाकतो, दुर्मीळ वस्तू क्षणभर समोरून सरकून जाते आणि बहुतेक वेळा किरकोळ काहीतरी हाती येते. हवी ती स्किन निघण्याची शक्यता एक टक्का आहे असे समजले, तर शंभर पेट्या उघडल्यावर ती मिळेलच असा सर्वसाधारण समज होतो. पण प्रत्येक पेटी स्वतंत्र असल्यामुळे शंभर पेट्यांनंतरही ती न मिळालेले खेळाडू शंभरात सुमारे सदतीस असतात, दोनशे पेट्यांनंतर तेरा, आणि तीनशेनंतरही पाच. जो खेळाडू नव्वदाव्या पेटीवर ‘आता जवळ आलो’ असे मानतो, त्याच्यासाठी एक्क्याण्णवावी पेटी पहिल्या पेटीइतकीच कंजूष असते. अनेक कंपन्या आता ठरावीक संख्येनंतर वस्तू हमखास देतात, पण ती संख्या गाठेपर्यंतचा खर्च हीच मग त्या वस्तूची खरी किंमत ठरते आणि ती कोठेही रुपयांत छापलेली नसते.

जगातील सरकारांनी यावर वेगवेगळी पावले उचलली आहेत. जपानमध्ये अनेक दुर्मीळ वस्तूंचा संच पूर्ण केल्यावरच मोठे बक्षीस देणारा ‘कम्प्लीट गाचा’ हा प्रकार २०१२ मध्ये बंद पाडण्यात आला. चीनने २०१७ पासून शक्यतेची टक्केवारी जाहीर करणे सक्तीचे केले. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ या गेममधील बंद पेट्यांवरून जगभर वादळ उठल्यावर बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या हा जुगारच आहे असा निष्कर्ष काढला. भारतात २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ पुरवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली, तर ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीच्या गेमना मान्यता दिली. या कायद्याचा रोख रमी आणि फँटसी क्रिकेटसारख्या, जिंकल्यास रोख रक्कम हाती देणाऱ्या खेळांवर आहे. क्रेटमधून निघालेली स्किन अधिकृतपणे रोख रकमेत बदलता येत नाही, त्यामुळे क्रेटचा थेट उल्लेख या कायद्यात नाही. म्हणजे ज्या खेळात खेळाडूला निदान काही पैसे परत मिळण्याची शक्यता होती तो बंद झाला आणि ज्यात ती शक्यता मुळातच नाही तो चालू राहिला. कायद्यातील ही फट भरून काढायलाच हवी.

मुलांचा प्रश्न येथे सर्वांत नाजूक आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही आणि १९०३ मधील मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयापासून अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल मानला जातो. प्रत्यक्षात फोन वडिलांचा, बँक खाते वडिलांचे आणि पिन मुलाला पाठ, अशी स्थिती असल्याने व्यवहार कागदोपत्री वडिलांचाच ठरतो आणि मुलाने केला हे सिद्ध करण्याचा भार कुटुंबावर पडतो. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट या गेमची निर्माती एपिक गेम्स कंपनीने तेथील फेडरल ट्रेड कमिशनशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यांपैकी २४.५ कोटी डॉलर अशा खेळाडूंना परत देण्यासाठी होते ज्यांच्याकडून फसव्या रचनेमुळे नको असलेली खरेदी झाली होती. त्या प्रकरणातील एक तपशील नीट लक्षात घेण्यासारखा आहे. अनधिकृत खर्चाविरुद्ध ज्यांनी आपल्या बँकेकडे तक्रार केली, त्यांची गेममधील खातीच कंपनीने बंद केल्याचा आरोप आयोगाने ठेवला होता, म्हणजे एका वादग्रस्त खरेदीबद्दल दाद मागणाऱ्याला आधीच्या सर्व निर्विवाद खरेदीवर पाणी सोडावे लागत होते. वस्तू ज्याच्या ताब्यात असते तो वाद कसा जिंकतो, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

गेमची मालकी नेहमीच अशी पातळ नव्हती. निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा कन्सोल १९८३ मध्ये जपानमध्ये आला आणि त्याच्या नकला नव्वदच्या दशकात भारतभर पसरल्या. मुंबईच्या मिताशी या कंपनीचे ‘गेम-इन’ हे संच मराठवाड्यातील वाचकांना आठवत असतील. महाराष्ट्रातील मुले ज्याला टीव्ही गेमची कॅसेट म्हणत, तिच्यात फीत नव्हती. प्लास्टिकच्या कवचात एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर एक न पुसली जाणारी चिप असे, आणि त्या चिपमध्ये गेम कायमचा कोरलेला असे. सुपर मारिओ ब्रदर्स हा १९८५ चा गेम अवघ्या ४० किलोबाइटचा होता. ती कॅसेट मित्राला द्यावी, बदल्यात दुसरी घ्यावी, दुकानात परत विकावी, यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि कंपनी बुडाली तरी तिच्या धातूच्या संपर्कपट्ट्या साफ करून ती लावली की गेम सुरू होत असे. विकत घेणाऱ्याची सत्ता वस्तूबरोबरच त्याच्या घरी येत होती. त्या काळातील बहुतेक कॅसेट नकली होत्या आणि त्यांतून मूळ निर्मात्याला दमडीही मिळाली नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे; आजची कुलूपबंद व्यवस्था उभी करताना कंपन्यांनी दिलेले कारण त्या चोरीतच आहे आणि ते खोटे नाही.

सीडी, डीव्हीडी आणि नंतर ब्लू-रे आली तोवर ही सत्ता बव्हंशी टिकून होती. बदल घडवला तो डाउनलोडने. २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीची स्टीम ही सेवा सुरू झाली आणि गेम दुकानातून आणण्याऐवजी खात्यावर जमा होऊ लागला. अशा खरेदीत ग्राहकाला प्रत मिळत नाही, वापराचा परवाना मिळतो. तो दुसऱ्याला विकता येत नाही, वारसाला देता येत नाही, आणि अटींचा भंग झाला असे कंपनीला वाटले तर तो काढून घेता येतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ या बाबतीत पुस्तक आणि संगणकीय आज्ञावली यांच्यात भेद करतो. कलम १४ नुसार पुस्तकाच्या एकदा बाजारात आलेल्या प्रतीवर हक्कधारकाचा वितरणाचा हक्क उरत नाही, म्हणूनच जुन्या पुस्तकांची दुकाने निर्वेध चालतात. आज्ञावलीच्या बाबतीत मात्र प्रत विकण्याचा व व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क त्याच कलमात हक्कधारकाला स्वतंत्रपणे दिलेला आहे. दुसरीकडे कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा आहे. परंतु गेमवर कुलूप असते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवते. हेतू प्रामाणिक असला तरी ते तोडण्याचे साधन सामान्य ग्राहकाजवळ नसते, त्यामुळे कलम ५२ ची मुभा गेमपुरती कागदावरच राहते.

परवान्याचा हा अर्थ जगाला नीट समजला तो द क्रू या मोटार शर्यतीच्या गेममुळे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये पूर्ण किमतीला विकलेला हा गेम एकट्याने खेळायचा असला तरी सर्व्हरशी जोडलेला राहावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पुढे तो खेळाडूंच्या खात्यांतूनही काढला गेला. त्यानंतर रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली, आणि तिच्यातून निघालेल्या युरोपीय नागरिकांच्या पुढाकार अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. या मोहिमेची मागणी कंपनीने सर्व्हर कायम चालवावेत अशी नाही. सेवा बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा, एवढीच आहे. ती अव्यवहार्य आहे असे म्हणणाऱ्यांना खुद्द युबिसॉफ्टनेच उत्तर दिले, कारण सप्टेंबर २०२४ मध्ये तिने याच मालिकेतील पुढच्या दोन गेममध्ये इंटरनेटविना खेळण्याची सोय देण्याचे जाहीर केले. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत आहे हे खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक केले.

कन्सोल हे यंत्र तरी पूर्णपणे घेणाऱ्याचे असते, असा समज अजून टिकून आहे आणि तोही तपासला पाहिजे. कन्सोल हा मुळात एक संगणकच असतो. प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या आवृत्तीत आठ गाभ्यांचा एएमडीचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि ८२५ जीबीचा अतिवेगवान एसएसडी होता. कंपन्या पुष्कळदा तो सुरुवातीला तोट्यात किंवा जेमतेम नफ्यात विकतात आणि प्रत्येक गेमच्या विक्रीतील वाट्यातून भरपाई करतात. याच कारणाने त्यावर कंपनीने मान्य न केलेली आज्ञावली चालत नाही. हा ताबा किती खोल आहे ते २०२१ मध्ये प्लेस्टेशन ४ च्या एका बटणसेलने दाखवून दिले. त्या कन्सोलच्या आत घड्याळ चालू ठेवण्यासाठी मनगटी घड्याळात असतो तसा एक छोटा सेल असतो. तो संपल्यावर यंत्राला वेळ कळत नाही, आणि खेळाडूंनी मिळवलेल्या ट्रॉफींच्या तारखांत फेरफार होऊ नये म्हणून वेळेची खात्री सोनीच्या सर्व्हरकडून करून घेण्याची रचना होती. परिणामी सेल संपला आणि सर्व्हरही उपलब्ध नसला तर डाउनलोड केलेलेच नव्हे, डिस्कवरचे गेमसुद्धा सुरू होत नव्हते. म्हणजे सोनीने कधी काळी ते सर्व्हर बंद केले असते, तर विकले गेलेले कोट्यवधी कन्सोल एकेक सेल संपेल तसे मुके होत गेले असते. गेम जतन करणाऱ्या हौशी लोकांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली आणि सप्टेंबर २०२१ मधील ९.०० या अद्ययावत आवृत्तीने ती दुरुस्त झाली. खेळाडूंनी आरडाओरडा केला म्हणून सुटलेला हा प्रश्न आहे, हे विसरता कामा नये.

डिस्कही हळूहळू मागे पडत आहे. २०२३ अखेरीस आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या सडपातळ आवृत्तीत डिस्क वाचणारा भाग सुटा करण्यात आला, आणि तो जोडताना एकदा इंटरनेटवरून कंपनीकडे नोंदणी करावीच लागते. ज्यांच्याकडे वेगवान फायबर जोडणी आहे त्यांना डिस्कची उणीव भासणार नाही. पण दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल डेटावर अवलंबून असलेल्या उमरीतील खेळाडूला १०० जीबीचा एक गेम उतरवायला, तो डेटा दुसऱ्या कशालाही न वापरता, ६७ दिवस लागतील. त्याच्यासाठी कुरिअरने येणारी डिस्क हाच व्यवहार्य मार्ग आहे, आणि ती खेळून झाल्यावर दुसऱ्याला विकता येते म्हणून पाच हजारांचा गेम परवडण्याच्या आवाक्यात येतो. हवामानाचीही एक अडचण आहे. सोनीने प्लेस्टेशन ५ वापरण्यासाठी खोलीचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगितले आहे, तर नांदेड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्यावरील खोलीत दुपारी कन्सोल चालवणे म्हणजे तो निर्मात्याने आखून दिलेल्या मर्यादेबाहेर चालवणे होय. टीव्हीखालच्या बंद कप्प्यात तो ठेवू नये, मागची बाजू भिंतीपासून मोकळी असावी, धूळ वरचेवर काढावी आणि भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टरची सोय नसेल तर आज्ञावली अद्ययावत होत असताना वीज जाण्याचा धोका पत्करू नये, इतकी काळजी येथे अत्यावश्यक ठरते.

गेम एकदाच किंमत घेऊन विकायचा की फुकट देऊन आत विक्री करायची, या दोन वाटांचे नमुने महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुण्यातच शेजारी शेजारी सापडतात. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक हा गेम बनवला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यानंतरही काम सुरू ठेवून ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर कन्सोलवर व संगणकावर आणला गेला, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. भारतीय लघुचित्रांच्या शैलीतील पार्श्वभूमी आणि छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितलेली कथा असलेला हा गेम एकदा किंमत देऊन घ्यायचा आणि शेवटापर्यंत खेळायचा आहे; त्यात क्रेट नाही, नाणी नाहीत. त्याच शहरातील सुपरगेमिंग या कंपनीचा इंडस हा बॅटल रॉयल, म्हणजे शेवटपर्यंत तगणारा जिंकतो अशा प्रकारचा, गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइलवर आला, तो फुकट आहे आणि त्याचे उत्पन्न आतील खरेदीवर अवलंबून आहे. दुसरा मार्ग निवडल्याबद्दल सुपरगेमिंगला दोष देता येत नाही, कारण भारतात मोबाइल गेमसाठी आगाऊ पैसे देणारे फार थोडे आहेत. पण उद्या दोन्ही कंपन्यांनी काम थांबवले, तर उतरवून ठेवलेला राजी चालत राहू शकेल आणि इंडसमध्ये घेतलेली प्रत्येक स्किन सर्व्हरबरोबर जाईल. हा फरक खरेदीच्या क्षणी ग्राहकाला कळलाच पाहिजे.

त्यासाठी आवश्यक असलेली कायदेशीर चौकट भारतात आधीच उभी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी ऑनलाइन विक्रीतील तेरा फसव्या रचनांना मनाई केली आहे. खोटी घाई निर्माण करणे, नको असलेली वस्तू खरेदीत घुसडणे, वर्गणीतून बाहेर पडणे अवघड करणे या गोष्टी त्यांत येतात, आणि ‘फक्त दोन तास उरले’ असे सांगणाऱ्या अनेक क्रेटना ही मनाई लागू करता येण्यासारखी आहे. या तत्त्वांत गेमसाठी चार स्पष्ट अटींची भर पडणे गरजेचे आहे : किंमत रुपयांतच दाखवावी, पेटीतील प्रत्येक वस्तूची शक्यता पैसे घेण्यापूर्वी सांगावी, सेवा किमान किती काळ चालेल ते विकतानाच लिहावे, आणि त्याआधी ती थांबली तर पैसे परत करावेत किंवा गेम सर्व्हरविना चालेल अशा रूपात द्यावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला हे करण्यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याची गरज नाही. तोपर्यंत पालकांनी प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय चालू करावी, यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये, आणि पैसे गेलेच तर व्यवहार क्रमांक जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ती मराठीतूनही नोंदवता येते.